स्लो कुकरमधले बीफ-नूडल सूप : कोलंबसला नव्याने येणाऱ्या मराठी घरांसाठी

मी वसईच्या ख्रिस्ती घरातली असून २००४ च्या डिसेंबरात इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी राहायला आले. इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय इथे आणि भारतातला मोठा कारभार पुण्यात, त्यामुळे दरवर्षी महाराष्ट्रातून नवी कुटुंबे या गावात येतात, आणि त्यांत वसईची, नगरची, गोव्याची, मिरजेची अशी बीफ खाणारी घरेही असतात. संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधार पडू लागला की मला ठरावीक प्रश्न यायला लागतात : ताई, स्लो कुकरमध्ये, म्हणजे दिवसभर मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, सात तास ठेवले तरी मांस दातांत का अडकते, नूडल्सची पेज का होते, आणि एवढे करून रस्सा आळणी का लागतो? या सगळ्या चुका मी स्वतः केल्या आहेत, आणि त्यांतली एक मला फार महागात पडली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंडियानात ‘बीफ अँड नूडल्स’ हे घरोघरचे जेवण आहे. चर्चच्या पंगतीत ते कुस्करलेल्या बटाट्यावर घट्टसर वाढतात, आणि सूप म्हणजे त्याचेच पातळ, वाडगाभर प्यायचे रूप. इथल्या लोकांच्या मसाल्याबद्दल आपल्या माणसांत बरेच बोलले जाते, पण स्वस्तातला, चिवट तुकडा दिवसभर मंद आचेवर ठेवून त्याचे सोने करण्याची त्यांची हातोटी खरोखर शिकण्यासारखी आहे. प्रेशर कुकरमध्ये हेच मांस पाऊण तासात शिजेल हे मला मान्य आहे, परंतु दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात संध्याकाळी सहाला दार उघडताच तयार जेवणाचा वास यावा, हे काम शिट्ट्यांचा कुकर करू शकत नाही.

भांडे सहा क्वार्टचे (साधारण पावणेसहा लिटरचे), लांबट आकाराचे आणि नवे घ्यावे. जुन्या वस्तूंच्या दुकानातले घेऊ नये, कारण आतल्या चिनी मातीच्या भांड्याला गेलेली केसाएवढी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भारतात परतताना ते बरोबर नेण्याचा विचारही करू नये, ते १२० व्होल्टवर चालते. या भांड्यामागची कल्पना मला नेहमी आपल्या जवळची वाटते. ज्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये याचे पेटंट मिळाले, त्यांच्यासमोर आईने सांगितलेला लिथुआनियातला ज्यू पदार्थ होता. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच त्याचे भांडे मंदावत जाणाऱ्या भट्टीत ठेवत. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आठवले की हे यंत्र परके वाटत नाही.

आता ती महागात पडलेली चूक. २००५ च्या जानेवारीत, इथे येऊन जेमतेम महिना झाला असताना, मी फ्रीझरमधला तीन पौंडांचा दगडासारखा गोठलेला तुकडा सकाळी सातला थेट स्लो कुकरमध्ये ठेवला. खटक्यावर ‘वॉर्म’, ‘लो’ आणि ‘हाय’ असे तीन शब्द होते, आणि जितके मंद तितके चांगले अशा समजुतीने मी ‘वॉर्म’ निवडले. संध्याकाळी सहाला झाकण काढले तेव्हा रस्सा कोमट होता, मांसाचा मधला भाग अजून लालसर होता, आणि वास मात्र वाईट नव्हता. आपल्याकडे उकळले म्हणजे सगळे जंतू मेले असे आपण धरून चालतो, म्हणून मी सगळे पातेल्यात ओतून पंधरा-वीस मिनिटे खळखळून उकळले आणि आम्ही तिघेही जेवलो. रात्री अकराच्या आत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. पाच वर्षांच्या मुलीचे ओठ कोरडे पडले, ती हाकेला नीट ओ देईना, तेव्हा बाहेरच्या बर्फातून गाडी काढून आम्ही तिला आपत्कालीन विभागात नेले. पहाटेपर्यंत सलाइन लावून ती बरी झाली, पण विम्याच्या डिडक्टिबलचा, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण खिशातून भरायच्या रकमेचा, अर्थ आम्हाला दोन महिन्यांनी पोस्टाने आलेल्या बिलावरून कळला. दोन हजार तीनशे डॉलर आम्ही हप्त्याहप्त्याने फेडले.

तिथल्या डॉक्टरांनी मला जे समजावले ते मी प्रत्येक नव्या घराला सांगते. चार ते साठ अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि गोठलेला तुकडा ‘वॉर्म’वर ठेवला तर तो तासन्‌तास त्याच टप्प्यात राहतो. त्यांतले काही जंतू असे विष तयार करतात की नंतर कितीही उकळले तरी जंतू मरतात, विष मात्र नष्ट होत नाही. म्हणून मांस आदल्या दिवशीच फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवावे. ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवू नये. ‘वॉर्म’ हे शिजलेले अन्न गरम राखण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नाही. घराबाहेर पडण्यापूर्वी बोट त्या खटक्याकडे नेऊन ‘लो’ किंवा ‘हाय’ हा शब्द मोठ्याने वाचावा, मी आजही वाचते. आणि संध्याकाळी भांडे कोमट लागले, किंवा मध्ये वीज गेल्याचे मायक्रोवेव्हच्या लुकलुकणाऱ्या घड्याळावरून कळले, तर आठ डॉलरचे असो की वीस डॉलरचे, ते मांस टाकून द्यावे. अन्न टाकायला आपला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. तरीही टाकावे.

याच धोक्याचा एक शाकाहारी भाऊ आहे, तोही सांगून ठेवते : कोरडा राजमा नुसता भिजवून स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा भिजवल्यावर ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच पुढचे करावे.

मांसाच्या निवडीत आपली माणसे सर्वांत जास्त फसतात, आणि त्याचे कारण आपल्या सवयीत आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्यामुळे तिथे बीफ म्हणून मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस असते. ते गडद आणि कमी चरबीचे असते, आणि आपण दुकानात ‘चरबी नको’ असे सांगायला शिकलेलो असतो. इथे तसा लालबुंद, चरबी नसलेला ‘राउंड’ म्हणजे मांडीचा तुकडा उचलला की आठ तासांनी त्याचा सुतळीसारखा कोरडा चोथा होतो. या सुपाला ‘चक रोस्ट’ म्हणजे खांद्याचा भागच हवा. त्यात स्नायूंच्या मधून पांढऱ्या पडद्यांच्या रेघा गेलेल्या दिसतात. हे पडदे सावकाश विरघळून त्यांचे जिलेटिन होते, आणि त्यानेच रस्सा ओठांना किंचित चिकटेल इतका दाट होतो. क्रोगर किंवा मायर या दुकानांत ‘स्ट्यू मीट’ म्हणून चौकोनी तुकड्यांचे पाकीट मिळते, ते टाळावे, कारण त्यात वेगवेगळ्या भागांचे उरलेले तुकडे एकत्र असतात आणि काही विरघळतात तेव्हा काही चिवटच राहतात. अडीच पौंडांचा अख्खा तुकडा घेऊन घरी दोन इंचांचे तुकडे करावेत. जवळ हाड मिळाले तर एक नळीचे हाडही घालावे.

भांडे भरण्याचा क्रम आपल्या अंदाजाच्या उलट आहे. या भांड्यात गाजर आणि बटाटा मांसापेक्षा सावकाश शिजतात, म्हणून तीन गाजरे, सेलरीचे तीन दांडे, दोन कांदे आणि हवे असल्यास दोन बटाटे तळाला घालावेत आणि मांस वर ठेवावे. त्यापूर्वी मांस फडक्याने कोरडे टिपून, बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात, गर्दी न करता दोन-तीन खेपांत सर्व बाजूंनी तांबूस भाजून घ्यावे. हे काम आळसाने गाळले तर सूप तयार होते, पण त्याला खमंगपणा येत नाही. भाजताना धूर होतो आणि अपार्टमेंटचा धुराचा गजर लगेच वाजतो. ओट्यावरचा पंखा बहुतेक जुन्या इमारतींत धूर बाहेर न टाकता खोलीतच परत सोडतो, तेव्हा खिडकी आधीच उघडावी. गजराची बॅटरी मात्र काढून ठेवू नये. ही सवय मी अनेक घरांत पाहिली आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही, कारण इथली घरे लाकडाची असतात.

त्याच तव्यात सात-आठ लसूण पाकळ्या, एक चमचा टोमॅटो पेस्ट आणि चहाचा चमचाभर बाटली मसाला, म्हणजे आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांतला मिश्र मसाला, परतून, कपभर पाण्याने तळाचा खरपूस भाग खरवडून तो सगळा भांड्यात ओतावा. बाटली मसाला नसेल तर मिरपूड आणि थाइम पुरे. इथले ‘बे लीफ’ हे आपले तमालपत्र नव्हे. तमालपत्राला तीन लांब शिरा असतात आणि दालचिनीसारखा वास येतो, तर इथल्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास औषधी असतो. या सुपाला इथलेच, तेही दोन पाने घालावीत. मग सात कप बीफ ब्रॉथ, म्हणजे मांस-हाडांचा तयार पातळ रस्सा, घालावा, आणि तो कमी सोडियमचाच घ्यावा. साध्या ब्रॉथच्या एका कपात ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, आणि त्यावर आपण सवयीने मीठ घातले की सूप खारट होऊन बसते. मीठ शेवटी चव घेऊनच घालावे. भांडे दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये.

‘लो’वर आठ तास किंवा ‘हाय’वर पाच तास लागतात. मध्ये झाकण उचलू नये, कारण प्रत्येक वेळी वाफ गेली की वीस मिनिटे वाढतात. मांस तयार झाले की चमच्याच्या कडेने दाबल्यावर ते स्वतःहून धाग्याधाग्यांत सुटते. सुटत नसेल तर ते जास्त शिजलेले नसून कमी शिजलेले असते, त्याला आणखी तासभर द्यावा. इथल्या बीफला चरबी जास्त सुटते, ती पळीने वरच्यावर काढून घ्यावी.

नूडल्स शेवटी. सकाळीच सगळे एकत्र घातले तर संध्याकाळी लापशी मिळते. कोरड्या, रुंद एग नूडल्स आठ औंस, म्हणजे बारा औंसांच्या पाकिटाच्या दोन-तृतीयांश, शेवटची वीस-पंचवीस मिनिटे ‘हाय’वर शिजवाव्यात. फ्रीझरच्या कप्प्यात मिळणाऱ्या जाड, घरगुती धाटणीच्या नूडल्स मला अधिक आवडतात. त्यांना पाऊण तास लागतो आणि त्यांच्यावरच्या पिठाने रस्सा आपोआप दाट होतो. शेवया किंवा हाका नूडल्स यात घालू नयेत, त्या या रश्श्यात टिकत नाहीत.

कचेरीत ‘पिच-इन’ची चिठ्ठी फिरली, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असे ठरले, तर हे सूप न्यावे, लोक प्रेमाने खातात. मात्र सहा-सात जणांचे स्लो कुकर एकाच एक्स्टेंशनवर लावले की ब्रेकर पडतो, म्हणून वेगळा सॉकेट शोधावा आणि झाकणाजवळ ‘बीफ’ असे ठळक लिहावे. मराठी मंडळाच्या एकत्र जेवणात हे नेऊ नये. आपण काय खातो याची लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि जे खात नाहीत त्यांच्या पानाशेजारी ते ठेवण्याचेही कारण नाही. काही घरे खातात आणि चारचौघांत नाकारतात, त्यांना मी दोष देत नाही, परंतु पाहुण्याला न सांगता वाढणे मात्र अक्षम्य आहे.

उरलेले सूप भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नये. चिनी मातीचे थंड भांडे पुन्हा तापवले की तडकू शकते, आणि खोल भांड्यातले सूप आतून तासन्‌तास गरम राहते, म्हणजे पुन्हा तोच धोका. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून, नूडल्स शक्यतो वेगळ्या ठेवून, ते फ्रिजमध्ये घालावे, आणि दुसऱ्या दिवशी स्लो कुकरमध्ये नव्हे तर पातेल्यात, गॅसवर किंवा विजेच्या शेगडीवर चांगली उकळी येईपर्यंत तापवावे. थोडे पाणी लागेल, कारण रात्रीतून त्याचा जेलीसारखा थर झालेला असतो. तसा थर जमला असेल तर तुकडा बरोबर निवडला होता असे समजावे.