बघ्यांना मदतीला उभं करायचंय? कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

"घाबरू नका, पुढे व्हा, जाब विचारा." छेडछाड किंवा रॅगिंग थांबवायला शिकवताना कोकणातल्या कॉलेजांत बहुतेकदा एवढंच सांगितलं जातं. पण छेडणारा आणि अडवणारी दोघंही त्याच वस्तीच्या गाडीने घरी जातात. दुपारी बोललेलं रात्रीपर्यंत वाडीत पोचतं. म्हणून मुलं गप्प बसतात, आणि आपण म्हणतो, त्यांना काही पडलेलंच नाही. पडलेलं असतं, दुसरी वाट माहीत नसते.

थेट अडवणं सगळ्यात शेवटी शिकवा. आधी लक्ष दुसरीकडे वळवणं, कुणाला तरी बोलावणं, नोंद ठेवणं आणि नंतर विचारपूस करणं. स्टँडवर मुलीजवळ जाऊन "चल गो, मॅडमनी जर्नल आत्ताच मागवलंय" एवढं म्हटलं तरी ती तिथून सुटते. गाडीत असाल तर कंडक्टरला सांगा. ही वाक्यं पडद्यावर दाखवून भागत नाही. तिघातिघांचे गट करून प्रत्येकाकडून दहादा मोठ्याने म्हणून घ्या. तोंडाला सवय नसेल तर ऐन वेळी शब्द फुटत नाही.

दुसरी चूक नाटुकल्याची. एका कॉलेजात तरुण लिपिक बाईंना 'पीडित' केलं आणि एका सरांना शिट्टी मारायला लावली. हॉल हसला. सर रंगात आले, दुसऱ्या खेपेला जरा जास्तच. बाई मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. तिसेक माणसं बसलेली, विषय मधे पडण्याचाच, आणि मधे कुणीही पडलं नाही. असं प्रशिक्षण न झालेलं बरं. पीडितेच्या जागी रिकामी खुर्ची ठेवा, त्रास देणाऱ्याची भूमिका कुणालाच देऊ नका. सराव मदत करणाऱ्याच्या पहिल्या वाक्यापासून सुरू करा.

एका तासात दोनशे जणांना उरकू नका. वीसजणांची तुकडी, दीड तास, शिकवायला एक बाई आणि एक पुरुष. शिपाई, रखवालदार, कँटीनवाले यांना वगळू नका. जिन्याखाली काय चालतं ते प्राध्यापकांआधी त्यांना कळतं. वेळ एसटी बघून ठरवा.

घटनेचा व्हिडिओ काढला तर तो फक्त जिला त्रास झाला त्या मुलीला द्यायचा, ग्रुपवर नाही.

आणि कुणी तक्रार घेऊन आलं तर "आपसात मिटवू या" हे कर्मचाऱ्याने म्हणायचंच नाही. ऐकायचं, चौकशी करत बसायचं नाही, अंतर्गत तक्रार समितीपर्यंत सोबत जायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या नियमांनुसार लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. मिटवामिटवीत हेच दिवस जातात.

समिती सदस्यांची नावं, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक जिन्यापाशी लावा. लॅमिनेट करून लावा, साधा कागद मृगातच गळून पडतो.