कर्जाच्या हप्त्यातून भूक कशी येते, हे आकड्यांवरून कसं ओळखावं

गरीब देशात अन्नाची ओढाताण होईल का, हे पाहताना नुसतं पीकपाणी बघू नका. डॉलर कुठे जातात ते बघा. जागतिक बँकेच्या आकडेवारीतून परदेशी कर्जाचा वर्षाचा हप्ता (मुद्दल अधिक व्याज) घ्या आणि त्याला निर्यातीच्या कमाईने भागा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्ज तपासण्याच्या चौकटीत देशाच्या कर्ज पेलण्याच्या कुवतीनुसार १०, १५ किंवा २१ टक्के ही धोक्याची रेघ.

मग ती कमाई किती मालांवर उभी आहे ते तपासा. आफ्रिकेतल्या झांबियाची बरीचशी तांब्याची. भाव पडला की डॉलर आटतात, हप्ता मात्र तेवढाच; बाहेरून धान्य आणायला कमी उरतात.

आता चलन. डॉलर कमी पडले की ते महागतात. धान्य टनाला ४०० डॉलर धरा. डॉलर स्थानिक चलनात १०० ला असताना किलो ४० ला पडतं, डॉलर १३० वर गेला की ५२ ला. जागतिक भाव जागचा हललेला नाही, तरी ताट महागलं. जहाजाचं भाडं वेगळंच.

आयातशुल्कापाशी बहुतेक जण फसतात: स्वस्त आयात म्हणजे भरलेलं पोट, असं धरून चालतात. हैती या कॅरिबियन देशाने १९९५ मध्ये तांदळावरचं शुल्क ३५ वरून ३ टक्क्यांवर आणलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ आला, हैतीतली भातशेती खचली. २००८ मध्ये जगात भाव भडकले तेव्हा हैतीत लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना जावं लागलं. म्हणून एकूण आयातीचा आकडा बाजूला ठेवा. मुख्य धान्याच्या खपात आयातीचा वाटा किती, तो काढा.