मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड हेडमधून कसा काढावा

सकाळी थंड इंजिन सुरू केले की टिकटिक आवाज यावा आणि पाच-दहा किलोमीटर चालल्यावर तो आपोआप कमी व्हावा, ही तक्रार जुनी सुमो, बोलेरो किंवा ४०७ वापरणाऱ्यांच्या परिचयाची आहे. पुष्कळदा टॅपेट वाजतात असे समजून ते सेट करून घेतले जातात आणि आवाज तसाच राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांचा धूर गोळा करून नळीत सोडणाऱ्या भागाची) गळती असेल, तर चढावर किंवा जोर दिल्यावर आवाज वाढतो, हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यावर काजळीचे काळे फराटे दिसतात आणि टर्बो असलेल्या गाडीची ओढ कमी होते. शंका असल्यास थंड इंजिन सुरू करून पेटती उदबत्ती सांध्याजवळून हळूहळू न्यावी. जिथे गळती आहे तिथे धुराची रेघ ठोक्याठोक्याने विस्कटते. मात्र आसपास डिझेल गळत असेल किंवा गाडी पेट्रोलवर अथवा गॅसवर चालणारी असेल, तर हा प्रयोग करू नये. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

स्टड (मॅनिफोल्डला हेडवर धरून ठेवणारा आटेदार दांडा) का तुटला हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे व्यर्थ आहे. बिडाचा मॅनिफोल्ड तापमानातील दर १०० अंशांच्या वाढीला मीटरमागे साधारण १.१ मिमी वाढतो. अर्धा मीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला, तर तो सुमारे २.२ मिमी लांबतो. तेवढ्याच लांबीचे हेड आतून पाणी फिरत असल्यामुळे जेमतेम ७० अंशांनी तापते आणि ०.४ मिमी वाढते. हा फरक दोन्ही टोकांना विभागला गेला, तरी शेवटच्या स्टडला दर वेळी एका बाजूला जवळजवळ १ मिमी ओढ बसते. म्हणूनच मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. वर्षानुवर्षांच्या काजळीने आणि गंजाने मॅनिफोल्ड हेडला चिकटला की तो सरकत नाही, स्टड वाकतो आणि एके दिवशी हेडच्या तोंडाशी तुटतो. मधला स्टड तुटलेला क्वचितच आढळतो. पहिला किंवा शेवटचाच तुटतो.

कामाच्या आदल्या संध्याकाळी सर्व नटांवर गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि सकाळी पुन्हा सोडावे. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळून केलेले द्रावणही उत्तम काम करते. ते लगेच वेगळे होते, त्यामुळे दर वेळी बाटली हलवून घ्यावी, आणि ते लावलेल्या भागाजवळ ज्योत मुळीच आणू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गाडी उचलायची असेल, तर नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी. डोळ्यांवर चष्मा असावाच, कारण ड्रिलचा कीस वरून तोंडावर पडतो.

उरलेले नट काढताना आणखी स्टड तुटण्याची भीती सर्वांत जास्त असते. गोटी पाना बारा पैलूंचा न वापरता सहा पैलूंचा वापरावा आणि नट प्रथम किंचित आवळून मग सोडवावा. नट पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळावा, तेल सोडावे आणि पुन्हा सोडवावा, म्हणजे आट्यांतला गंज भुकटी होऊन बाहेर येतो. पान्याला पाइप लावून जोर काढण्याचा मोह टाळावा. नट हलण्याऐवजी पाना रबरासारखा लवचीक लागू लागला, तर स्टड पिळला जात आहे असे समजावे आणि तिथेच थांबून नट तापवावा (अ‍ॅसिटोनचे द्रावण लावले नसेल तरच) किंवा छिन्नीने उभा चिरून काढावा. नट दोन रुपयांचा असतो आणि स्टड वाचवणे महत्त्वाचे असते.

मॅनिफोल्ड बाहेर आल्यावर तुटलेल्या स्टडचा किती भाग हेडबाहेर आहे हे पाहावे. त्यावर पुढची पद्धत ठरते. हेडला चुंबक लावून ते बिडाचे आहे की अ‍ॅल्युमिनियमचे, हेही याच वेळी तपासावे.

आट्यांसह पुरेसा भाग बाहेर असेल, तर त्यावर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवावा. थोडाच भाग बाहेर असेल, तर ग्रिप प्लायरने पकडावा. दोन्ही वेळा, अ‍ॅसिटोनचे द्रावण लावले नसेल तर, आधी स्टडच्या भोवतालचा हेडचा भाग गॅसच्या ज्योतीने तापवून, गरम असतानाच स्टडच्या बुडाशी मेणबत्तीचे मेण टेकवावे. ते वितळून आट्यांत ओढले जाते.

स्टड हेडच्या पातळीला तुटला असेल, तर वेल्डिंग हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि एखादा चांगला वेल्डर जागेवर बोलावता येत असेल, तर ड्रिलला हात लावण्याआधी त्याला बोलवावे. तुटलेल्या टोकावर बरोबर बसेल असा वायसर ठेवून तो स्टडला वेल्ड करावा, त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड भरावे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला लोखंडी वेल्ड चिकटत नाही, पण बिडाच्या हेडला चिकटू शकते. तिथे वायसरचे काम हेड वाचवण्याचेच आहे. नटाला पकड मिळते हा यातला फायदा दुय्यम आहे. खरे काम उष्णता करते, कारण स्टड आतून लालबुंद होऊन फुगतो आणि थंड होताना आक्रसून गंजाची पकड तोडतो. म्हणून लाली गेल्यावर मिनिटभर थांबून नट पुढे-मागे अलगद हलवावा. नट तुटून आला, तर पुन्हा वेल्ड करावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी स्टड सुटणे अगदी सामान्य आहे. वेल्डिंगपूर्वी अल्टरनेटर आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचे कनेक्टर काढावेत, डिझेलच्या नळ्या ओल्या कापडाने झाकाव्यात आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

स्टड आत तुटला असेल किंवा वेल्डिंगला जागा नसेल, तेव्हाच ड्रिल करावे. येथे सारा खेळ केंद्रबिंदूचा आहे. तुटलेल्या टोकाचा उंचसखलपणा शक्य असेल तिथे कानशीने सपाट करावा, नाहीतर ड्रिल मऊ हेडकडे घसरते. हाताने अंदाजाने मध्य काढण्यापेक्षा लेथवाल्याकडून एक छोटा बुश करून घ्यावा: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसणारा आणि आतून ३ मिमीचे भोक असलेला. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर बसवून त्या भोकात बुश घालावा आणि त्यातून ड्रिल करावे. मॅनिफोल्डची भोके मोठी असल्याने तो एका बाजूला सरकलेला नाही ना, हे शेजारच्या दोन स्टडभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहून ठरवावे. काही मॅनिफोल्डची टोकाची भोके लांबट असतात. तिथे बुशही त्याच आकाराचा करावा लागतो.

ड्रिल हळू फिरवावे आणि तेल सतत सोडावे. ८ मिमीच्या, १.२५ पिचच्या स्टडसाठी ३, मग ५ आणि शेवटी ६.८ मिमी असा क्रम ठेवावा. उलट्या फिरणारे डावे ड्रिल मिळाले तर अवश्य वापरावे, कारण भोक पडता पडताच स्टड त्याला अडकून बाहेर येतो. स्टडची लांबी ड्रिलवर चिकटपट्टी लावून खुणावावी. काही हेडमध्ये ही भोके पाण्याच्या पोकळीत उघडतात, तिथून कूलंट वाहू लागले तर घाबरू नये, नव्या स्टडच्या आट्यांना सीलंट लावावे लागेल एवढेच. ६.८ मिमीनंतर उरलेली आट्यांची पातळ स्प्रिंग टोकदार सुईने किंवा बारीक छिन्नीने उचलून काढावी आणि मग टॅप मारून आटे साफ करावेत.

बाजारात मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मी या कामात शक्यतो वापरत नाही. जो स्टड पक्क्या पान्याने सुटला नाही, तो त्याच्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरने सुटेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो अतिशय कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही आणि मग कार्बाइडची हत्यारे किंवा स्पार्क मशिन (ठिणगीने धातू झिजवणारे यंत्र) गाठावे लागते. असे झाल्यास हेड उतरवून वर्कशॉपला देणेच शहाणपणाचे ठरते.

भोक मध्यापासून थोडे सरकले असेल किंवा आटे मेले असतील, तर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवावे. त्याचा टॅप आणि ड्रिल त्याच किटमधले असावे. केबिनच्या पत्र्याजवळच्या शेवटच्या स्टडपर्यंत सरळ ड्रिल पोहोचत नाही. पुढचे चाक आणि मडगार्डचे आतील कव्हर काढून अँगल ड्रिलने बाजूने प्रयत्न करावा.

अमेरिकेतील जुना पिकअप किंवा मोठी एसयूव्ही वापरणाऱ्यांना हीच अडचण जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही-८ आणि फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनांत येते. दोन्हींची हेड अ‍ॅल्युमिनियमची असू शकतात. जनरल मोटर्सच्या इंजिनासाठी हेडच्या टोकावरील मोकळ्या आट्यांत बसणारा तयार क्लँप मिळतो, जो तुटलेल्या मागच्या बोल्टच्या जागी मॅनिफोल्ड दाबून धरतो. गाडी थोडे दिवसच ठेवायची असेल, तर तो वाईट नाही.

जोडणीपूर्वी मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने फट तपासावी. मॅन्युअलमधील मर्यादा हाती नसेल, तर ०.२ मिमीची पाती सहज आत जात असल्यास फेस मारून (तोंड मशिनवर सपाट करून) घ्यावा. हे न केल्यास नवा स्टडही त्याच जागी तुटतो. पॅकिंग नवे आणि कोरडे बसवावे, त्याला सिलिकॉन लावू नये. तुटलेला एकच स्टड न बदलता सर्व बदलावेत आणि ते किमान ८.८ ग्रेडचे असावेत. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट चढवू नये, ते एकमेकांना खातात. तांब्याचा मुलामा दिलेला लॉक नट उत्तम. स्टड हेडमध्ये नुसता टेकेल इतकाच फिरवावा.

नट मधून दोन्ही टोकांकडे, निदान दोन फेऱ्यांत आवळावेत. ८ मिमीच्या स्टडला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकडा वेगळा असेल, तर तोच प्रमाण मानावा. नटाच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावले असल्यास घर्षण कमी होते आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क थोडा कमी ठेवावा. पहिल्या दिवशी गाडी चालवून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत आणि पाण्याच्या पोकळीत उघडणारे भोक सापडले असल्यास कूलंटची पातळीही पाहावी.