सॉफ्ट प्लास्टिक की जिग? बास मासेमारीत या चुका टाळा

बास तोंड मारत नाही म्हटलं की पहिला संशय आमिषावर जातो. जिग (वजनदार डोक्याचा हुक) बांधलेली असेल तर ती सोडून प्लास्टिकचं गांडूळ लावलं जातं, गांडूळ असेल तर जिग, आणि दोन्ही करून झालं की रंग बदलायला सुरुवात होते. बहुतेक वेळा दोष आमिषाच्या जातीत नसतो. ते चुकीच्या जागी टाकलेलं असतं, चुकीच्या वेगाने खाली जात असतं किंवा बांधणीतच गडबड असते. म्हणून बॉक्स उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: आमिषाला कशातून वाट काढायची आहे आणि ते किती वेगाने तळाशी जायला हवं.

जागा न पाहता आमिष निवडणं

टेक्सास रिग ही सॉफ्ट प्लास्टिक बांधायची पद्धत: टोकदार वजन पुढे, बारीक अंगाचं प्लास्टिक मागे आणि हुकाचं टोक प्लास्टिकच्या आत लपलेलं. जिगमध्ये वजन आणि हुक एकसंध, त्यावर सिलिकॉनचा झुपकेदार स्कर्ट, मागे ट्रेलर म्हणजे हुकावर चढवलेला प्लास्टिकचा तुकडा, आणि हुकाचं टोक उघडं. त्याच्यापुढे वीड गार्ड म्हणजे ताठ तंतूंचा झुबका. या घडणीतूनच निम्मा निर्णय होतो.

दाट पाणवनस्पती असेल तर टेक्सास रिग. जिगचा स्कर्ट आणि डोकं प्रत्येक खेपेला मूठभर गवत घेऊन वर येतं, आणि गवताने माखलेल्या आमिषाकडे बास ढुंकूनही पाहत नाही. पाण्यावर गवताचं जाड छप्पर झालं असेल तर १ ते दीड औंसाचं, म्हणजे २८ ते ४२ ग्रॅमचं टंगस्टन वजन आणि आखूड, गुळगुळीत अंगाचं प्लास्टिकच ते भेदून खाली जाईल.

बुडालेले ओंडके, बुंधे आणि जाड फांद्या हे जिगचं राज्य. फांदीवरून ओलांडताना ती अडखळते, मग धपकन खाली पडते, आणि त्या पडण्यावरच मासा झेपावतो. झुडपाच्या बारीक डहाळ्यांत मात्र पुन्हा टेक्सास रिग बरी.

दगडी तळावर घोळ होतो, कारण ‘दगड म्हणजे फुटबॉल जिग’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. खडी आणि मुठीएवढे दगड असतील तर ते खरं आहे. आडव्या, रुंद डोक्यामुळे जिग फटीत घुसत नाही, आणि ओढताना डोकं पुढे कलंडून ट्रेलर वर उचलला जातो. मोठ्या शिळांच्या मधल्या फटीत मात्र तेच रुंद डोकं पाचरीसारखं बसतं. तिथे चपट्या बुडाची, सर्वसाधारण आकाराची जिग वापरा. टेक्सास रिगचं निमुळतं वजन तर दगडांच्या फटीत हमखास रुतणार.

तळ उघडा, सपाट आणि मासे विखुरलेले असतील तर या दोघींपेक्षा कॅरोलायना रिग सरस ठरते: अर्धा ते १ औंस वजन, मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि पुढे हुकापर्यंत ४५ ते ९० सेंटिमीटरची लीडर लाइन. मासे तळापासून फूट-दीड फूट वर तरंगत असतील तर ड्रॉप शॉट, म्हणजे वजन लाइनच्या टोकाशी खाली आणि हुक त्याच्या वर. तळावर जिग ओढत बसलात तर ती त्यांच्या पोटाखालून जात राहील.

वजन फक्त खोलीवरून ठरवणं

खोल पाणी म्हणजे जड आणि उथळ म्हणजे हलकं, हा हिशेब अर्धवट आहे. वजनावरून आमिष पडण्याचा वेग ठरतो, आणि बास त्या वेगालाच प्रतिसाद देतो. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या पाण्यात किंवा रोज गळ पडून सावध झालेल्या माशांसमोर ३/१६ औंस, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, हळू उतरतं आणि माशाला विचार करायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात झाडोऱ्याच्या सावलीत दबून बसलेल्या बासला मात्र विचार करू द्यायचा नसतो. तिथे उथळ पाण्यातही अर्धा औंस चालतो, कारण समोरून झर्रकन गेलेल्या वस्तूवर तो प्रतिक्षिप्त झडप घालतो.

सुरुवातीला टेक्सास रिगसाठी १/४ औंस (७ ग्रॅम) आणि जिगसाठी ३/८ औंस (साधारण साडेदहा ग्रॅम) घ्या. मग पायाजवळच्या स्वच्छ पाण्यात सोडून ते कसं पडतं ते डोळ्यांनी पाहा. एवढी साधी तपासणी फार कमी जण करतात. मोठा ट्रेलर लावला की तीच जिग लक्षणीय हळू पडते, हेही तेव्हाच दिसतं. वारा असेल किंवा तळ हाताला कळत नसेल तर एक पायरी वर जा.

वजन टंगस्टनचं की शिशाचं? टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन असतं, म्हणून तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो. तो कठीणही असतो, त्यामुळे खडी, लाकूड आणि चिखल यांतला फरक हाताला कळतो. विकत घेताना छिद्राची कड बोटाने चाचपून पाहा. खरखरीत असेल तर ती लाइन कापेल.

प्लास्टिक वाकडं लावणं

टेक्सास रिगच्या तक्रारींचं सर्वांत मोठं मूळ इथे आहे. गांडूळ वाकडं बसलं की वर ओढताना ते पंख्यासारखं गरगरतं, लाइनला पीळ पडतो आणि नैसर्गिक काहीच उरत नाही.

हुकाचं टोक गांडुळाच्या नाकाच्या बरोबर मध्यातून ६ ते ८ मिलिमीटर आत घाला आणि बाजूने बाहेर काढा. हुक पूर्ण ओढून घ्या, म्हणजे नाक हुकाच्या डोळ्यापाशी येईल. आता हुक अर्धा फिरवा, म्हणजे टोक अंगाकडे वळेल. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: हुक अंगाशेजारी मोकळा लोंबू द्या आणि त्याचा वाक नेमका कुठे येतो तिथे नखाने खूण करा. त्याच खुणेवर टोक सरळ आरपार घाला. खुणेच्या शेपटीकडच्या बाजूला घातलंत तर गांडुळाला कुबड येतं, नाकाकडच्या बाजूला घातलंत तर ते ताणलं जातं. दोन्ही प्रकारांत ते फिरणारच. शेवटी टोक पाठीच्या पातळ कातडीत जेमतेम टोचून ठेवा, म्हणजे गवत लागणार नाही आणि झटक्याला टोक लगेच मोकळं होईल.

हुकाचं मापही पाहा. ७ इंची बारीक गांडुळाला ३/० किंवा ४/० चा साधा ऑफसेट (डोळ्याजवळ वळण असलेला) हुक पुरतो. जाड, चपट्या क्रॉ-आकाराच्या (नांग्यांच्या क्रेफिशसारख्या) प्लास्टिकला रुंद पोटाचा ४/० हवा. कारण मासा चावतो तेव्हा प्लास्टिक दबून हुकाच्या पोटात गोळा होतं, आणि तिथे जागा नसेल तर टोक बाहेरच येत नाही. चिमटीत धरून दाबून पाहा. टोक सहज उघडं पडलं नाही तर हुक लहान आहे.

वजन अडकवायचं की मोकळं सोडायचं

दाट गवतात वजन मोकळं ठेवलं तर ते खाली निघून जातं आणि प्लास्टिक वरच लटकतं. तिथे लाइनवर आधी रबरी स्टॉपर, मग वजन, मग हुक असा क्रम ठेवा आणि स्टॉपर वजनाला टेकवा. जड वजनाला दोन स्टॉपर लावा, एक सरकतो. मोकळ्या पाण्यात मात्र वजन सुटं राहू द्या. आमिष त्याच्यामागून सावकाश तरंगत उतरतं, आणि लागलेल्या माशाला डोकं झटकून वजनाच्या जोरावर हुक उडवणं अवघड जातं.

जिग पाकिटातून काढली तशीच वापरणं

नवी जिग कच्चा माल समजावी. वीड गार्ड कारखान्यातून जेवढा दाट येतो तेवढा क्वचितच लागतो, आणि ‘टोच जाणवली, मासा लागला नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच असतो. अंगठ्याने हलकं दाबा. टोक सहज बोटाला लागायला हवं. लागत नसेल तर मुळापासून तीन-चार तंतू कापा, पुन्हा दाबून पाहा, आणि गरजेपुरतेच कापत जा. लांबी हुकाच्या टोकापासून ३-४ मिलिमीटर वर राहील एवढीच ठेवा. मग उरलेल्या तंतूंचे दोन भाग करून टोकाच्या दोन्ही बाजूंना पसरवा. फांदी कोणत्याही बाजूने आली तरी तंतू तिला ढकलतात, आणि माशाच्या जबड्यापुढे वाकतात. गवताळ जागेसाठी मात्र तंतू फार विरळ करू नका.

स्कर्टही कापायचा असतो. हुकाच्या वाकाच्या थोडं पुढेपर्यंत ठेवला की तो ट्रेलरला झाकत नाही. त्याहून लांब असेल तर मासा नुसते धागे पकडतो. आणि हुकाची धार? टोक नखावर हलकेच सरकवा. घसरलं तर बोथट, अडलं तर ठीक. जिगचा हुक जाड तारेचा असतो, त्यामुळे तिथे धारेची हयगय चालत नाही.

ट्रेलर हौसेने निवडणं

फडफडणाऱ्या नांग्यांचा ट्रेलर पॅकेटमध्ये मोहक दिसतो. गार पाण्यात तो जरा जास्तच नाचतो. तिथे जाडसर, जवळपास स्थिर ‘चंक’ ट्रेलर बरा. पाणी १८-२० अंशांच्या वर गेलं किंवा गढूळ झालं की फडफड उपयोगी पडते, कारण मासा कंपनावरून शोध घेतो. ट्रेलर मोठा वाटला तर पुढून एक-दोन सेंटिमीटर कापून टाका, नवीन घ्यायची गरज नाही. सरळ बसला आहे का ते पाहा. कलला असेल तर जिग आडवी पडते.

रंगाचा फार काथ्याकूट नको. निवळ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढ्यावर बरंच निभावतं.

एकाच रॉड-लाइनवर सगळं

जिगला किंवा जड टेक्सास रिगला ७ फूट ते साडेसात फूट, मीडियम-हेवी किंवा हेवी, टोकाशीच वाकणारा रॉड लागतो. खडकाळ किंवा लाकडाच्या जागी १५ ते २० पौंड ताकदीची फ्लुओरोकार्बन लाइन, कारण ती बुडते. दाट गवतात ५० ते ६५ पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन. ती तरंगते, पण गवत कापते. ड्रॉप शॉट आणि वॅकी रिगचे (गांडुळाच्या मध्यात अडकवलेले) बारीक हुक मात्र हलक्या स्पिनिंग रॉडवर, ६ ते १० पौंडांच्या लाइनवरच शोभतात. भारी रॉडवर ते वाकतात, आणि मऊ रॉडवर जिगचा जाड हुक जबड्यात रुततच नाही.

फ्लुओरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने ती तिथेच कमकुवत होते. दगडात काम असेल तर प्रत्येक माशानंतर शेवटचं मीटरभर बोटांतून फिरवून पाहा. खरखर लागली की तेवढी कापून पुन्हा बांधा.

आमिष पडताना लक्ष नसणं

बासचे पुष्कळ हल्ले आमिष पडतानाच होतात, आणि नेमक्या त्याच वेळी बरेच जण रील सावरत असतात. लाइन पूर्ण ताणून धरली तर आमिष पेंडुलमसारखं तुमच्याकडे झुकत येतं आणि ओंडक्यापासून लांब पडतं. अगदी ढिली सोडली तर काही कळत नाही. रॉडचं टोक खाली नेत पडणाऱ्या आमिषाच्या मागे मागे जा, लाइनला किंचित ढील ठेवा आणि नजर पाण्यावर ठेवा. लाइन थरथरली, बाजूला सरकली किंवा तळ येण्याआधीच थांबली, तर समजा मासा आहे. जिगच्या बाबतीत कधी कधी नुसतं वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. तो आमिष घेऊन तुमच्याच दिशेने पोहत असतो.

सगळ्याला एकच झटका

टेक्सास रिग: रॉड खाली करा, ढील गुंडाळा, माशाचं वजन जाणवलं की वर जोरदार झटका. हुकाला आधी प्लास्टिक फाडायचं असतं. जिगलाही तसंच, पण ढील काढणं तिथे आणखी महत्त्वाचं. कॅरोलायना रिगमध्ये लांब लाइन ताणून घ्यावी लागते, म्हणून रॉड आडवा, लांब ओढून घ्या. वॅकी आणि ड्रॉप शॉटला झटका नकोच. रॉड उचलत रील फिरवत राहा, बारीक हुक आपोआप रुततो.

टोच येते, मासा येत नाही

प्लास्टिकची शेपटी तुटून येत असेल तर छोटे मासे कुरतडताहेत किंवा बास मागूनच धरतोय. आखूड प्लास्टिक लावा किंवा हुक मागे सरकवा. जिगचा ट्रेलर फक्त खाली ओढला गेलेला दिसत असेल तर तोही आखूड करा, आणि बुडाशी सुपरग्लूचा थेंब द्या. मासा लागून उडी मारताना सुटत असेल तर संशय रॉडवर किंवा हुकाच्या धारेवर घ्या. काहीच घडत नसेल तर आधी वेग बदला: उड्या मारत आणत असाल तर रॉड बाजूला नेऊन फूटभर ओढा, थांबा, पुन्हा ओढा. त्यानेही हललं नाही तर वजन, आणि त्यानंतरच आमिष. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर मासा लागलाच तर तो कशामुळे लागला हे कळणार नाही.

अडकल्यावर ओढत राहणं

जोर लावला की हुक आणखी रुततो. ढील द्या, रॉडचं टोक हलवून आमिष थरथरवा. नाहीच निघालं तर लाइन बोटाने ताणून धनुष्याच्या दोरीसारखी सोडा, आणि तरीही नाही तर उलट बाजूला जाऊन ओढा. मोकळ्या वजनाची टेक्सास रिग अशा वेळी लवकर सुटते, कारण वजन लाइनवर मागेपुढे आपटून हुक ढिला करतं.

सगळं एकाच डब्यात

लवचीक टीपीई प्लास्टिक आणि नेहमीचं पीव्हीसी प्लास्टिक एकत्र ठेवलं तर दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो. त्यांना मूळ पाकिटातच ठेवा. ट्रेलर लावलेली जिग तशीच डब्यात टाकू नका. प्लास्टिकमधल्या तेलाने डोक्याचा रंग मऊ पडून सुटतो आणि स्कर्ट चिकटतो. मीठ मिसळलेलं प्लास्टिक हुकावर ओलं राहिलं तर एका रात्रीतही गंज धरू शकतो. परतल्यावर प्लास्टिक काढा, हुक पुसा आणि डबा झाकण्याआधी आत हवा लागू द्या.