डंखाच्या अ‍ॅलर्जीची पिशवी आणि त्यातलं बॉलपेन

डंखाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मधमाशी किंवा गांधीलमाशी डसली की घरात असलेलं औषध ऐन वेळी सापडत नाही, आणि डंख नेमका कधी बसला हेही धड सांगता येत नाही. त्यावर आम्ही एक भडक केशरी पिशवी केली. घरात ती दाराजवळच्या खुंटीला; मूल बाहेर निघालं की तीही निघाली.

१. आत डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅड्रेनालिनची (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं औषध) दोन तयार इंजेक्शनं, काय करायचं त्याचा कागद आणि एक बॉलपेन.

२. मधमाशीची नांगी दिसली की लगेच काढा. खरवडा नाहीतर ओढा, पण चिमटा शोधत बसू नका.

३. वेळ थेट मुलाच्या हातावर लिहा: ‘डंख ४:२०’. इंजेक्शन दिलं की तीही वेळ त्याखाली. कागद हरवतो, हात हरवत नाही!

४. श्वास लागला, आवाज बसला, जीभ सुजली किंवा भोवळ आली, तर इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मुलाला आडवं ठेवा (श्वासाचा त्रास असेल तर बसू द्या), चालवू नका, आणि रुग्णवाहिका बोलवा. ५ ते १५ मिनिटांत आराम पडला नाही, तर दुसरं इंजेक्शन.

मूल सावरलं तरी दवाखाना टाळू नका, त्रास काही तासांनी उलटू शकतो. आणि ही पिशवी फ्रिजमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत कधीच ठेवू नका.