सेक्रेटरीपद गळ्यात पडलं असेल तर

सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणी हौसेने उभं राहत नाही. पाच वर्षांपूर्वी सभा चालू असताना मी चहा टाकायला आत गेले आणि ट्रे घेऊन परत आले तोवर टाळ्या वाजत होत्या. डोंबिवली पूर्वेतली आमची चार मजली इमारत, २४ फ्लॅट, एक लिफ्ट. तुमच्यावरही अशीच वेळ आली असेल, तर पहिल्या आठवड्यात बाकी काही करू नका, उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, पुस्तिका वाचून काढा.

माझ्यावर पहिलीच वेळ आली ती लिफ्टवरून. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "मी बटणाला हात लावत नाही, मग पैसे कसले?" पान उघडून दाखवलं: लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. काकांनी ते वाचलं, आणि त्याच पानावर दुसरं बोट ठेवलं. पाण्याचा आकार मात्र नळांच्या संख्येवर! आमच्याकडे तो वर्षानुवर्षं सरसकट घेतला जात होता. झालं, वही घेऊन मी २४ घरांचे नळ मोजायला निघाले.

ते काम एका दिवसात उरकेल असं वाटलं होतं, तीन रविवार लागले. कुणाच्या मोरीत वरच्या मजल्याची गळती, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून लिफ्ट बंद पडली की त्यांचा जीव खालीवर. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा पंप दुरुस्त करतो, हेही तेव्हाच कळलं. भाडेकरूला सभेत मत नाही, पण आमची मोटार अडली की पहिला फोन त्यालाच जातो. थकबाकीदारांपैकी एका घरी पगार थांबला होता. त्यांना समितीने हप्ते बांधून दिले. वसुलीसाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाण्याची सोय कायद्यात आहे, पण आधी दार वाजवा. लिफ्टमध्ये थकबाकीदारांची नावं चिकटवू नका. आम्ही एकदा चिकटवली होती. पैसे आले नाहीत, बोलणं तेवढं बंद झालं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासद किंवा २०, जे कमी असेल ते. म्हणजे आम्हाला १६ डोकी हवीत. अर्धा तास थांबूनही भरली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इथे मोह होतो. सात जणांत मेंटेनन्स वाढवून मोकळं होता येतं, पण उरलेले १७ जण तो भरताना वर्षभर कुरकुरतात. त्यापेक्षा दिवस नीट निवडा. रविवारी सकाळी नको, माणसं मासळी आणायला गेलेली असतात. मी मेगाब्लॉकचा रविवार बघते. संध्याकाळी सहा वाजता. लोकलच नीट नाहीत म्हटल्यावर जातात कुठे!

विषयपत्रिकेत "किरकोळ दुरुस्ती" लिहिलंत तर कुणी फिरकणार नाही. "गच्चीवरची टाकी: तीन कोटेशनं, प्रत्येक घरी किती येतील" असं लिहा, आकडा टाका.

व्हॉट्सॲपवर फक्त सूचना ठेवा. अंगठे म्हणजे ठराव नव्हे. सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्ताच्या वहीत नोंद हवीच. आणि रंगकामासाठी सिंकिंग फंडाकडे बघू नका. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के जमणारा तो पैसा मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. आमचे खजिनदार दर दिवाळीला त्याची आठवण काढतात, मी दर दिवाळीला नाही म्हणते.

समितीची पाच वर्षांची मुदत यंदा संपतेय. या सभेचा चहा मी बाहेरून मागवणार आहे.