वसतिगृहात गाणी वाटून घेताना

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका खोलीत खानापूर, निपाणी आणि चंदगडकडची चार मुले राहायला आली, की आठवडाभरातच एकाच्या पेन ड्राइव्हमधली गाणी चौघांच्या मोबाइलमध्ये गेलेली असतात. यात वावगे वाटत नाही. पण फाइल कोणती आणि ती कोणत्या वाटेने गेली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

वाटेपासून सुरुवात करावी. टॉरंटने, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकडे जमवत, गाणे उतरवताना उतरलेले तुकडे त्याच वेळी आपल्या संगणकावरून इतरांना जात असतात, त्यामुळे ‘मी फक्त डाउनलोड केले’ हा बचाव टिकत नाही. शिवाय त्या देवघेवीत सामील झालेल्या कोणालाही आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक) दिसतो. तो महाविद्यालयाच्या वाय-फायचा असेल, तर तक्रार आधी महाविद्यालयाकडे जाते आणि लॉगइनच्या नोंदींवरून आपल्यापर्यंत पोहोचते. वसतिगृहाच्या आतल्या नेटवर्कवर सामायिक फोल्डर उघडून ठेवणेही सुरक्षित समजू नये. अमेरिकेत 2003 मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ज्या चार विद्यार्थ्यांवर खटले भरले, त्यांच्यावर महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवरच गाणी शोधण्याची सोय चालवल्याचा आरोप होता.

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 नुसार कॉपीराइट जाणूनबुजून मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्याचा हेतू नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. कर्नाटकात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला लोक गुंडा कायदा म्हणतात, त्या 1985 च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या (गुन्हा घडू नये म्हणून आधीच कोठडीत ठेवण्याच्या) कायद्यात 2014 च्या दुरुस्तीने ‘डिजिटल गुन्हेगार’ आले. तिथे व्यापारी हेतूची अट असल्याने मित्राला दिलेले एखादे गाणे त्यात बसत नाही, पण मेमरी कार्डात गाणी भरून देऊन पैसे घेणाऱ्याने सावध असावे.

आता फाइलकडे वळू. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. शब्द व चाल यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे राहतो. म्हणून 1964 मध्ये प्रकाशित झालेली तबकडी 2025 च्या आरंभी मोकळी झाली, तरी तिच्यातली चाल मोकळी झाली असेलच असे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये वारले, तेव्हा त्यांची नाट्यपदे कोणीही गावीत. मात्र तेच पद अलीकडच्या गायकाने ध्वनिमुद्रित केले असेल, तर ती फाइल वाटता येत नाही. अभंगांचेही तसेच. वाटायचेच असेल, तर गावच्या भजनी मंडळाचे गाणे, चाल पारंपरिक असल्याची खात्री करून आणि गायक-वादकांची लेखी संमती घेऊन, स्वतः मुद्रित करावे व त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना वाटण्याची आधीच मुभा देणारा) लावावा. माझ्या मते उत्तम वाटप ते हेच.

अ‍ॅपमधले ऑफलाइन गाणे आपल्या खात्यापुरते असते. ते फोडून पुढे पाठवू नये, दुवा पाठवावा.

स्नेहसंमेलनाची चिंता त्या मानाने कमी आहे. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर गाणी वाजवण्याला कलम 52 मध्ये सूट आहे. बाहेरच्यांना तिकिटे विकली, की ती उरत नाही.

नोटीस आलीच, तर वाटप लगेच थांबवावे, नोटिशीची प्रत जपून ठेवावी आणि घाबरून फाइली पुसत बसू नये. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि नीट वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून शब्दशः समजून घेतल्याशिवाय कबुलीवर सही करू नये. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तिथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या व्यक्तींना विनामूल्य वकील मिळतो.